ऑटम ब्लिस: आमच्या परसातली उशिराची रासबेरी

ऑगस्ट सरत आला की इथे इंग्लंडमधल्या केंटमध्ये उन्हाळी रासबेरीचा बहर आटोपलेला असतो. आमच्या परसात मात्र तेव्हा कुठे सुरुवात होते, कारण आमची रासबेरी आहे ‘ऑटम ब्लिस’. जात अगदी इथलीच: ईस्ट मॉलिंगच्या फळसंशोधन केंद्रात एलिझाबेथ कीप यांनी ती तयार केली आणि १९८०च्या दशकात ती लोकांच्या बागांत पोचली.

उन्हाळी रासबेरीला फळ येतं ते गेल्या वर्षीच्या काठीवर. त्यामुळे जुनी कुठली, नवी कुठली, हे ओळखत छाटत बसायचं. हिचा तो जाच नाही. वसंतात जमिनीतून जो कोंब वर येतो, त्याच्याच शेंड्याला त्याच वर्षी फळ धरतं, ते कडाक्याची थंडी पडेपर्यंत. फेब्रुवारीत सगळ्या काठ्या जमिनीलगत कापल्या की झालं. आळशी माणसाला याहून सोयीचं फळझाड मला तरी ठाऊक नाही! शेजारच्या आजी काही काठ्या मुद्दाम राखतात. त्यांना उन्हाळ्याच्या तोंडाला थोडी फळं मिळतात, पण मग शरदातला तोडा घटतो.

काठी बुटकी आणि दणकट, तिला आधार फारसा लागत नाही. मावा सहसा पडत नाही. ज्याच्या अळ्या फळात शिरतात तो भुंगाही हिच्या वाट्याला कमी जातो, कारण त्याचा हंगाम आधीच उरकलेला असतो. मात्र पाणी साचलेलं तिला खपत नाही, आणि इथल्या चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहतात. फुटवेही वाफा सोडून थेट हिरवळीत डोकं काढतात. ते उपटत राहावं लागतं.

पिकलेलं फळ गडद लाल होतं. चिमटीत धरून अलगद ओढलं की पांढरा गाभा देठावरच राहतो आणि हातात येते पोकळ टोपी. ओढूनही सुटलं नाही तर ते कच्चं समजावं. तोडलेलं फळ टिकत मात्र नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी तळाची फळं रस सोडू लागतात. म्हणून आमच्याकडे निम्मी वाफ्यापाशीच संपतात, उरलेल्यांचा जॅम होतो.

पुण्याची मावशी म्हणते, येताना एक रोप आण. कागदपत्रांशिवाय रोप विमानातून नेता येत नाही, आणि पुण्याचा एप्रिल हिला सोसायचाही नाही. मावशीला जॅमच नेणार आहे.