दुधाच्या दातांचा हिशेब

"दुधाचे दात काय, पडणारच आहेत" हे वाक्य फार महागात पडतं. मागची दुधाची दाढ १०-१२ वर्षांपर्यंत टिकावी लागते. ती किडली की शहरातल्या दवाखान्याच्या खेपा, बुडालेली मजुरी, आणि ३ वर्षांचं पोर खुर्चीत बसेना म्हणून पूर्ण भूल.

त्यापुढे फ्लोराइड वार्निशचा, म्हणजे कीड रोखायला दातांवर लावायच्या लेपाचा, खर्च किरकोळ. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, सगळ्या दुधाच्या दातांना मिळून पाव मिलिलिटर, दर ६ महिन्यांनी. गॉजने दात पुसायचे, पातळ थर द्यायचा. त्या रात्री ब्रश नको. पैसा खरा जातो तो वार्निश लावणारा माणूस गावात पोचवण्यात. म्हणून लसीकरणाच्या दिवशीच उरकावं. वेगळं शिबिर भरवलं की दुसऱ्या खेपेला मुलं गळतात, आणि एकाच थरावर फायदा टिकत नाही.

वरचा ओठ उचलून पाहा. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल, तर कीड अजून परतवता येते; खड्डा पडल्यावर वार्निश तो भरत नाही. आणि रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपवत असाल, तर वार्निश तरी किती पुरणार?