चाळीस सांगाडे आणि काळी माती

मी परभणीत एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती सावलीत वाळवायची, कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. सेंद्रिय कर्ब बघायचा असेल तर आणखी बारीक, अर्ध्या मिलिमीटरची चाळणी. दिवसभर हे, आणि रात्री जेवणं झाली की मेलेल्यांची फौज रंगवायची. माझी माय पहिल्यांदा ते टेबल बघून म्हणाली, "मसणातलं घरात कशाला आणलास रे?"

वॉरहॅमर हा १९८३ साली इंग्लंडात निघालेला खेळ. सहा बाय चार फुटांचं टेबल, चाल इंचात मोजायची, मारामारीचा निकाल फाशांवर. सैन्य मात्र आयतं मिळत नाही. प्लास्टिकच्या चौकटीला हात, पाय, मुंडकी, ढाली चिकटलेल्या येतात. त्या कापायच्या, घासायच्या, जोडायच्या, रंगवायच्या. खेळ तीन तासांचा आणि तयारी सहा महिन्यांची, म्हणजे आपल्याकडच्या लग्नासारखंच. २०२४ च्या जानेवारीत 'द ओल्ड वर्ल्ड' या नावानं चौकोनी रांगांचा जुना प्रकार परत आला, त्याबरोबर टूम्ब किंग्ज ही वाळवंटातल्या मेलेल्या राजांची फौजही परत आली. त्याच सुमारास पुण्याच्या एका मित्रानं घर बदलताना आपले जुने सांगाडे विकायला काढले. मी चाळीस घेतले.

सांगाडेच का, तर डोळे काढावे लागत नाहीत. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती हातखंडा कारागीरच करतो. या एवढ्याशा बाहुल्यांत बरेच जण उलटं करतात, डोळे आधी काढून घेतात, म्हणजे चुकलं तर वरून चेहऱ्याच्या रंगानं झाकता येतं. माझा हात दोन्ही पद्धतींत थरथरतो. कवटीला नुसती खोबण असते, तिथं पातळ तपकिरी रंग आपोआप साचतो. प्रश्न मिटला.

या छंदाच्या सगळ्या सूचना थंड, ओल्या देशात बसून लिहिलेल्या आहेत, हे मला मे महिन्यात कळलं. स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारताना दमट हवा टाळा, पाऊस टाळा, असं सगळे बजावतात. आमच्याकडं पाऊस कुठला? रविवारी दुपारी दोन वाजता, त्रेचाळीस अंशांत, मी गच्चीवर वीस सांगाडे पुठ्ठ्यावर उभे केले आणि लांबून फवारा मारला. रंगाचे थेंब बाहुलीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होते. सांगाड्यांना अंगभर घामोळं आलं.

मग ते रात्रभर डेटॉलमध्ये बुडवले. रंग सुटतो, प्लास्टिकला काही होत नाही. सकाळी मी शहाण्यासारखे सगळे नळाखाली धरले आणि सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक झाला. पाणी सगळ्यात शेवटी लावायचं असतं. आधी डेटॉलमध्येच ब्रशनं घासून, फडक्यानं पुसून घ्यायचं. "घराचा दवाखाना केलास की," माय म्हणाली. आता प्रायमर सकाळी साडेसहाला, वीतभर अंतरावरून. रंगासाठी प्लास्टिकचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. त्यावर रंग तासभर तरी ओला राहतो. कूलरसमोर बसलं की ब्रशवरचा रंग वाळतो, आणि कूलर बंद केला की रंगवणारा वाळतो.

एकेक सांगाडा पूर्ण करत गेलो तर चौथ्यालाच जीव कंटाळला. यावर उपाय मायनं सांगितला, तोही भाजी निवडता निवडता. खुरपणीला बाया पात धरतात, प्रत्येकीची आपली पट्टी, आणि ती संपल्याशिवाय मागं बघायचं नाही. "एकाच झाडापाशी बसलास तर रान कधी निघायचं?" तेव्हापासून दहा-दहाची पात. दहांची हाडं, मग दहांवर तपकिरी रंगाचं पाणी, वाळलं की जवळजवळ कोरडा ब्रश वरच्या कडांवरून फिरवायचा. भाले, ढाली, पुढची पात.

खरी गंमत पायथ्यांची. बाहुलीच्या पायाखालचा पंचवीस मिलिमीटरचा चौकोन, त्यावर जमीन करायची. खोक्यावरच्या चित्रात पिवळी वाळू. मी मातीतला माणूस, मी पिवळी वाळू लावू? प्रयोगशाळेत चाळून उरलेली काळी माती होतीच, ती फेविकॉलमध्ये कालवून चांगली तीन मिलिमीटर थापली. सकाळी बघतो तर भेगा. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते; हे मी रोज शेतकऱ्यांना सांगतो आणि घरी विसरलो. पण भेगा बघून हात थांबला. बाहुली पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याची. भेग एक मिलिमीटरची. साठानं गुणलं तर सहा सेंटिमीटर. वैशाखातल्या आमच्या रानात एवढीच असते, पावलाचा पुढचा भाग अडकतो.

फक्त ढेकळं सांगाड्यासकट उचलून येत होती. मग पायथा आधी ब्लेडनं ओरखडून घेतला, मातीत दुधना नदीची बारीक वाळू मिसळली, थर निम्म्यावर आणला आणि वाळल्यावर भेगांत फेविक्विकचे थेंब सोडले. भेगा राहिल्या, ढेकळं बसली. एक मात्र विचित्र: गोंदात माती डांबरासारखी काळीकुट्ट होते, उन्हातल्या रानाची करडी झाक जाते. म्हणून खऱ्या मातीवर परत मातीचा रंग द्यावा लागतो. माझ्या साहेबांना हे सांगितलं तर ते माझा पगार मोजतील.

ढालींना पोळ्याच्या बैलांच्या शिंगांसारखा हिंगुळी रंग दिला. त्यावरचे पांढरे ठिपके मायचे आहेत, काडेपेटीच्या काडीनं दिलेले. माझ्या टाचणीपेक्षा ते गोल आले, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

दिवाळीत नांदेडहून मित्र आपली बुटक्यांची फौज घेऊन खेळायला आला. अर्धे अजून करडेच, प्रायमरवरचे. माझा वीसांचा ठिपकेवाला ताफा दुसऱ्याच फेरीत त्याच्या तोफेनं निम्मा झोपवला. माय दारातून बघत होती. "ठिपकेवाले का मेले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते आधीच मेलेले आहेत.

त्यातल्या तिघांचे भाले काल डबा पडून मोडले. फेविक्विक संपलंय, उद्या येताना आणायचं आहे.