परदेशात क्रेडिट कार्डावर रोख काढताना पैसे नेमके कुठे गळतात

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नयेत, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंच आहे. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला मिळत नाही. पण परदेशात रोख महाग पडते ती बहुतेक वेळा व्याजामुळे नव्हे, आणि हे हिशोब मांडल्याशिवाय पटत नाही.

समजा, तुमच्या चलनात १०,००० इतकी होणारी रक्कम काढली. कार्डाच्या अटींप्रमाणे रोख काढण्याचं शुल्क ३ टक्के, परकीय चलनाचा मार्कअप (चलन बदलताना तुमची बँक वर लावते तो जादा आकार) ३ टक्के, व्याज वर्षाला ३६ टक्के. शुल्काचे ३०० गेले, मार्कअपचे ३०० गेले. व्याज दिवसाला साधारण १० पडतं. दहा दिवसांनी पैसे भरले तर ९९, चाळीस दिवस रेंगाळलात तर ३९५. म्हणजे ३ टक्क्यांचं शुल्क हेच जवळपास महिनाभराच्या व्याजाएवढं आहे, आणि ते यंत्रातून नोटा बाहेर येतात त्याच क्षणी लागतं. व्याज तुमच्या हातात असतं, शुल्क नसतं. म्हणून कार्ड निवडताना व्याजदराआधी शुल्क आणि मार्कअप बघावा. दोन्ही शून्य असलेली कार्डं काही देशांत मिळतात. तसं कार्ड असेल आणि पैसे लगेच भरले, तर क्रेडिट कार्डाची रोखही स्वस्तात पडते. नसेल तर मार्कअप न लावणारं डेबिट कार्ड पुढे करावं आणि क्रेडिट कार्ड अडीअडचणीला ठेवावं.

शुल्काच्या तक्त्यात ‘किमान’ हा शब्द शोधा. ‘२.५ टक्के, किमान ५००’ असं लिहिलं असेल तर २०,००० च्या खालच्या प्रत्येक रकमेला ५०० बसणार. ५,००० काढले तर शुल्क थेट १० टक्क्यांवर गेलं. खिशात फार रोख नको म्हणून रोज थोडे थोडे काढणारे इथेच मार खातात. उलट बाजूही लक्षात घ्या: एकदा किमान रकमेचा टप्पा ओलांडला की आणखी मोठी रक्कम काढून टक्क्यांत काही वाचत नाही. वाचतं ते फक्त त्या एटीएमचं स्वतःचं शुल्क, कारण ते बहुधा दर व्यवहारामागे ठरलेलं असतं. थायलंडसारख्या देशात जवळजवळ प्रत्येक बँकेचं यंत्र परदेशी कार्डाला असं शुल्क लावतं, तर काही देशांत शेजारच्या दोन यंत्रांपैकी एक लावतं आणि दुसरं लावत नाही. शुल्काची सूचना पडद्यावर आली की व्यवहार रद्द करून दुसरं यंत्र गाठता येतं, रद्द केल्याचे पैसे पडत नाहीत. हे शुल्क काढलेल्या रकमेत मिळवलं जातं. २०० काढले आणि यंत्राने ५ लावले, तर तुमची बँक २०५ वर मार्कअप आणि रोख-शुल्क मोजते.

आता सगळ्यात मोठं भोक. पिन टाकला, रक्कम निवडली, की पडदा बदलतो. तुमच्या देशाचा झेंडा किंवा चलनाचं चिन्ह, खाली तुमच्या चलनातली नेमकी रक्कम, ‘हमखास दर’ अशा अर्थाचं वाक्य, आणि दोन पर्याय. ‘रूपांतर स्वीकारा’ बहुतेकदा ठळक, हिरव्या बटणासमोर. ‘रूपांतर नाकारा’ फिकट अक्षरात, आणि शब्दरचना अशी की नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटावं. मागे रांग उभी असते, बोट आपोआप हिरव्याकडे जातं. या प्रकाराला, म्हणजे यंत्रानेच जागेवर रक्कम तुमच्या चलनात बदलण्याला, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यात दर ठरवतो यंत्राचा मालक, आणि तो कार्ड नेटवर्कच्या, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कंपन्यांच्या, दरापेक्षा ५ ते १० टक्क्यांनी वाईट असू शकतो, कधी त्याहूनही. वरच्या उदाहरणात ८ टक्के धरले तर एका बटणाचे ८०० झाले. व्याज, शुल्क, मार्कअप यांतल्या कुठल्याही एकापेक्षा जास्त. शिवाय अनेक बँका अशा व्यवहारावरही आपला मार्कअप सोडत नाहीत, कारण व्यवहार परदेशात झालेला असतो.

नाकारल्यावर व्यवहार रद्द होत नाही. त्या देशाच्या चलनात पुढे चालू राहतो आणि रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं. काही यंत्रं एकदा नाकारलं तरी ‘खात्री आहे ना?’ म्हणून पुन्हा विचारतात, तिथेही नाकारा. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी तुलना करून हा जादा भार टक्क्यांत दाखवणं बंधनकारक आहे. तिथे ती टक्केवारी वाचली तरी डोळे उघडतात. जे यंत्र रूपांतराशिवाय पैसे द्यायलाच तयार नाही, तिथून कार्ड काढून घ्या आणि चालू लागा. विमानतळाच्या आगमन कक्षात आणि पर्यटकांच्या गल्लीत एकट्याने उभी असलेली यंत्रं या बाबतीत जास्त लोचट असतात. खऱ्याखुऱ्या बँकेच्या शाखेतलं यंत्र बरं, तेही कामाच्या वेळेत, म्हणजे कार्ड अडकलं तर आत जाऊन विचारता येतं.

यंत्र खात्याचा प्रकार विचारतं तेव्हा ‘क्रेडिट’ निवडा. ‘सेव्हिंग्ज’ निवडल्यामुळे व्यवहार नाकारला गेला आणि कार्डच बंद पडलं असं समजून माणसं घाबरतात. पिन चार आकडी असावा, सहा आकडी पिन बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पिन अक्षरांवरून पाठ केला असेल तर आकड्यांनी पाठ करा, कारण सगळ्या कळफलकांवर अक्षरं नसतात. निघण्याआधी अ‍ॅपमध्ये परदेशातले एटीएम व्यवहार चालू आहेत का ते पाहा. रोख काढण्याची मर्यादाही तिथेच तपासा. ती एकूण पतमर्यादेचा एक तुकडाच असते, आणि रोजची मर्यादा त्याहून वेगळी.

व्याज आटोक्यात ठेवायचं तर बिलाची वाट बघायची नाही. व्यवहार खात्यावर दिसला की त्याच दिवशी तेवढी रक्कम, शुल्क धरून, भरून टाकायची. पण कार्डावर आधीची खरेदीची बाकी असेल तर भरलेले पैसे आधी कशात जिरतात हे बँकेच्या क्रमावर असतं. कमी व्याजाच्या बाकीत ते गेले तर रोखीवरचं व्याज तसंच चालू. आधीची बाकी शून्य असताना काढलेली रोखच स्वस्तात सुटते. सगळं भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज आलं तर दचकू नका: ते आधीचं बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं असतं.

काही जण निघण्याआधीच कार्डात जादा पैसे भरून ठेवतात, म्हणजे काढलेली रोख उधारीची ठरत नाही. याने व्याज वाचतं. शुल्क वाचेलच असं नाही. बऱ्याच बँका जमा शिल्लक असली तरी रोखीचं शुल्क लावतात, आणि मार्कअप तर लागतोच. मधेच एखादं हॉटेलचं बुकिंग त्याच कार्डावर वळतं झालं की जमा ठेवलेली रक्कम त्यात संपते आणि पुढची रोख पुन्हा उधारीवर जाते. मोठी जमा दिसली की काही बँका ती परतही पाठवतात. थोडी रक्कम ठेवायला हरकत नाही. सगळा प्रवासखर्च त्यात कोंबणं मात्र मला तरी पटत नाही, कारण कार्डाचा गैरवापर झाला तर आधी अडकतात ते तुमचेच पैसे.

एटीएमला न शिवताही रोख मिळते, आणि हा मार्ग लोक विसरतात. चौघं जेवायला बसलात तर सगळं बिल तुमच्या कार्डावर घ्या आणि बाकी तिघांकडून त्यांचा वाटा रोखीत मागा. बँकेच्या लेखी ही साधी खरेदी आहे. रोखीचं शुल्क नाही, बिनव्याजी मुदत शाबूत, लागला तर फक्त मार्कअप. सहप्रवाशांशी हे आधीच बोलून ठेवा. याउलट चलन विनिमयाच्या खिडकीवर कार्ड घासून नोटा घेणं, कॅसिनोतले टोकन किंवा मनीऑर्डर घेणं, हे दिसायला खरेदी असलं तरी व्यापाऱ्याच्या कोडवरून (धंद्याचा प्रकार सांगणारा चार आकडी क्रमांक) ते रोख ठरतं. एटीएमचा कोड ६०११, बँकेच्या खिडकीवरच्या रोखीचा ६०१०, चलन विनिमयासारख्या रोखसमान व्यवहारांचा ६०५१. तिन्हींवर रोखीचेच नियम लागू होऊ शकतात.

पैसे काढल्यावर पावती ठेवा आणि खात्यावर नोंद आली की एक भागाकार करा: तुमच्या चलनात वळती झालेली एकूण रक्कम भागिले हातात पडलेलं परकीय चलन. हा झाला तुमचा खरा दर. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही दर काढण्याचे तक्ते त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत, तारीख टाकून ताडून बघा. नोंद व्यवहाराच्या दिवशी न होता एक-दोन दिवसांनी झाली तर दर थोडा हलतो, तेवढं चालायचंच. पण फरक शुल्क अधिक मार्कअपच्या बराच पलीकडे गेला आणि नोंदीत परकीय चलनाचा आकडाच नाही, तर ते हिरवं बटण दाबलं गेलंय असं समजा.

यंत्राने नोटा दिल्याच नाहीत, पण खात्यातून रक्कम गेली, असंही होतं. अनेकदा ती काही दिवसांत आपोआप परत येते. तरी यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ आणि मागितलेली रक्कम तिथेच टिपून घ्या आणि तक्रार तुमच्या कार्डाच्या बँकेकडे करा, त्या देशातल्या बँकेकडे नाही. आणि अशा फसलेल्या व्यवहारानंतर लगेच त्याच यंत्रात दुसऱ्यांदा कार्ड घालू नका, मग दोन नोंदींचा गुंता सोडवत बसावं लागतं.