खिडकीमागची टेबलं

दिवाळी अंकांचा हंगाम आला की पुण्याच्या पेठांतल्या संपादकांकडे झिप फायलींची रीघ लागते. कथा, चित्रं, जाहिराती, सोबत फॉण्ट. संपादकाच्या मशीनवर उबुंटू किंवा तत्सम लिनक्स प्रणाली असेल, तर डबल क्लिकवर एक साधीशी खिडकी उघडते: नावं, आकार, तारखा आणि वर 'एक्स्ट्रॅक्ट'चं बटण. लिनक्सचे डेस्कटॉप वेगवेगळे, म्हणून ही खिडकीही वेगवेगळी: ग्नोमवाल्यांची फाइल रोलर, मेटवाल्यांची तिच्यातूनच फुटून निघालेली एंग्राम्पा, केडीईवाल्यांची आर्क. दिसायला थोडी वेगळी, स्वभावाने सारखीच.

आणि स्वभाव असा, की खिडकी स्वतः फारसं काही करत नाही. महापालिकेत खिडकीवर एक माणूस अर्ज घेतो आणि काम आतल्या टेबलांवर होतं, तसं. फायली बांधण्याच्या प्रत्येक प्रकाराचं टेबल वेगळं: टारचं वेगळं, झिपचं वेगळं, सेव्हन-झेड फायली हाताळणाऱ्या सेव्हन-झिपचं वेगळं. एखादी फाइल उघडायला खिडकीने नकार दिला, की बहुतेक वेळा आतलं टेबल रिकामं असतं, म्हणजे ते पॅकेज बसवलेलंच नसतं. रार या प्रकाराचं हे नेहमीचं. ते उघडणारं 'अनरार' मुक्त परवान्याखाली नसल्याने डेबियनमध्ये (उबुंटू जिच्यावर उभी आहे ती लिनक्स) ते 'नॉन-फ्री' विभागात असतं, उबुंटूत 'मल्टिव्हर्स'मध्ये. ते टाकलं की रार उघडतं. रार तयार करायला मात्र वेगळा मालकी हक्काचा प्रोग्रॅम लागतो. त्याच्या वाटेला जाऊच नये.

खरी गंमत नावांची. कोणी 'दिवाळी अंक मुखपृष्ठ' अशा नावाची फाइल झिप करून पाठवतो आणि इथे दिसतो एक ग्रीक अल्फा, त्यामागे डोक्यावर लाट असलेला एन, मग काहीतरी चौकटीचा तुकडा, पुन्हा अल्फा, पुन्हा एन. हा व्हायरस नव्हे. झिपमध्ये नावांसाठी मूळची सोय जुन्या आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचाची. नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या एका रूपात आहे, असं सांगणारी खूण नंतर आली. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने ती खूण लावली नाही, तर इकडचा प्रोग्रॅम जुन्या संचाने वाचतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची, आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तोच अल्फा सारखा डोकावतो. आतला मजकूर शाबूत असतो, बिघडतं फक्त नाव. उबुंटूतल्या 'अनझिप' कमांडला मोठ्या ओचा (-O) पर्याय देऊन पुढे यूटीएफ-८ लिहिलं, की नावं मराठीत परततात. पाठवणाऱ्याने सेव्हन-झेड प्रकार निवडला, तर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे नावं मुळातच युनिकोडमध्ये साठवली जातात.

अर्धवट डाउनलोडचं वागणंही प्रकारागणिक बदलतं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. शेवटचा तुकडा आला नाही, तर नव्वद टक्के माल हाती असूनही खिडकी 'ही झिपच नाही' म्हणते. टार-जीझेड (टारने बांधून जीझिपने आकसलेली फाइल) मात्र सुरुवातीपासून वाचत जातं, त्यामुळे जेवढं पोहोचलं तेवढं बहुधा सुटतं. उलट बाजूही आहे: त्याला अनुक्रमणिकाच नसल्याने नुसती यादी दाखवायलाही सगळी फाइल उलगडावी लागते. मोठ्या टार-जीझेडवर खिडकी रेंगाळते ती यामुळे. एवढ्यात कोणी घाईने ती बंद करतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खिडकीतूनच फाइल उघडून दुरुस्त करण्याने होतं. डबल क्लिकवर उघडते ती तात्पुरत्या फोल्डरमधली प्रत. सेव्ह केल्यावर 'मूळ फाइल अपडेट करू का?' असं विचारलं जातं, आणि तो प्रश्न दुसऱ्या खिडकीआड दडतो. तासाभराचं मुद्रितशोधन असं जातं. आधी एक्स्ट्रॅक्ट, मग दुरुस्ती. यात तडजोड नको.

आकार कमी करायचा म्हणून फोटो झिप करणारे पुष्कळ भेटतात. जेपेग आधीच आकसलेलं असतं, ओडीटी आणि डॉकएक्स हे दस्तऐवज तर स्वतःच झिप आहेत. तिथे हाती येते फक्त एकत्र बांधण्याची सोय. टिफ आणि साधा मजकूर मात्र झपाट्याने बारीक होतात.

पासवर्ड लावताना एक पाहावं. झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फायलींची नावं कोणालाही दिसतात, आणि झिपची जुनी पासवर्ड पद्धत तर सहज फोडता येते. सेव्हन-झेड निवडून फाइल रोलरमध्ये 'फायलींची यादीही एन्क्रिप्ट करा' या चौकटीवर टिक केली, की नावंही झाकली जातात. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहून पाठवू नका, फोनवर सांगा.