फ्रेशवॉटरचे पांढरे कडे आणि हूकचं भिंग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिमिंग्टनहून फेरीबोट सुटली की चाळीसेक मिनिटांत आइल ऑफ वाइट बेटावरचं यार्माथ येतं. तिथून बसनं फ्रेशवॉटर. सोबतचे प्रवासी नीडल्सचे सुळके बघायला पुढे गेले, मी मात्र गावातच उतरलो. हे सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचं जन्मगाव. जन्म १६३५चा. वडील इथल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. १६४८ साली ते वारले आणि तेरा वर्षांचं पोर लंडनला गेलं.

चर्च पाहून समुद्रावर आलो. समोर पांढरेशुभ्र कडे. नखानं ओरखडलं तर बोटाला पीठ लागतं, खडूच तो! क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या, समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा हा थर. ती कवचं हूकच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरची. पण पांढरी वाळू तपासताना टाचणीच्या टोकाएवढा वेटोळा शंख त्याला सापडला आणि १६६५च्या 'मायक्रोग्राफिया'त त्यानं तो नोंदवला.

त्या ग्रंथातलं माझं सर्वांत लाडकं प्रकरण दगड झालेल्या लाकडाचं. हूकनं त्याचा तुकडा भिंगाखाली धरला, शेजारी कोळसा आणि कुजकं लाकूड ठेवलं. छिद्रांची रचना तीच! फक्त हा तुकडा जड, कठीण आणि आगीत न जळणारा. त्यानं ताडलं की खनिजं विरघळलेलं पाणी लाकडात मुरत गेलं आणि छिद्रं दगडानं भरली. याच्या लगेच पुढचं प्रकरण बुचाचं, जिथून 'सेल' (पेशी) हा शब्द आला. शाळेत आपण बूच शिकतो, त्याच्या आधीचं पान राहूनच जातं.

दगडांत शंखांसारखे आकारही सापडत. त्या काळी कित्येक विद्वान मानत की असे आकार जमिनीत आपोआप घडतात, निसर्ग शंखांची नक्कल करतो. हूक म्हणाला, हे खरेच प्राण्यांचे शंख आहेत. पुढे व्याख्यानांत तो आणखी धीट झाला: काही जाती पृथ्वीवरून नाहीशा झाल्या असाव्यात. ती व्याख्यानं छापली गेली १७०५ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

त्यानं अभ्यासलेले वेटोळे अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे दगड झालेले शंख, आठवले आणि किनाऱ्यावर उभ्या उभ्या मला आमच्या देवघरातला शाळिग्राम दिसू लागला. गंडकीच्या पात्रातला, पोटात चक्र असलेला तो काळा दगडही अमोनाइटच. आजी रोज त्याला आंघोळ घालून तुळस वाहायची. आता घरी गेलो की आईला विचारून, हात धुऊन, त्या चक्रावर भिंग धरणार आहे.