तिरक्या छताखालची जागा मोजत नाहीत

पुण्यात कोथरूडला भाड्याने राहायला गेले तेव्हा पोलीस पडताळणीसाठी माझा फोटो, आधार, गावचा पत्ता, ओळखीच्या दोन माणसांची नावं, सगळं घेतलं होतं. घरमालकाला कुणी काही विचारलं नव्हतं. लंडनमध्येही पासपोर्ट-व्हिसा तपासूनच खोली मिळाली. पण इथे अशा सामायिक घरांसाठी घरमालकालाही काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या पालिकेकडून, परवाना घ्यावा लागतो, तो त्यासाठी योग्य माणूस आहे का हे तपासलं जातं, हे मला आठ महिन्यांनी कळलं. आमच्या घरमालकाकडे तो परवाना नव्हता म्हणून कळलं.

ईस्ट हॅममधलं ते घर मुळात एका कुटुंबासाठी बांधलेलं. आत आम्ही सहा जण, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. माझी खोली वर माळ्यावर, उतरत्या छपराखाली. किल्ली देताना एजंटने बजावलं होतं, "कुणी विचारलं तर सगळी चुलत-मावस भावंडं आहोत म्हणून सांगा." त्यामागचा हिशेब नंतर समजला. एका कुटुंबातले नसलेले तीन किंवा जास्त जण स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक वापरत असतील तर इंग्लंडमध्ये त्या घराला एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन) म्हणतात, आणि असे पाच किंवा जास्त जण असतील तर 2018 च्या ऑक्टोबरपासून घर कितीही मजली असो, परवाना सक्तीचा आहे. कायद्यातल्या कुटुंबात चुलत-मावस भावंडंही बसतात. म्हणून नागपूरचा मुलगा आणि विजयवाड्याच्या दोघी माझी भावंडं झाली होती.

ईस्ट हॅम लंडनच्या न्यूहॅम बरोमध्ये, म्हणजे स्वतःची काउन्सिल असलेल्या विभागात, येतं. खाजगी भाड्याच्या घरांना जवळपास सरसकट परवाना लागू करणारी ही इंग्लंडमधली पहिली बरो, जानेवारी 2013 पासून. परसातल्या शेडमध्ये माणसं ठेवून भाडं घेतल्याची प्रकरणं त्याआधी या भागात उघडकीला आली होती.

फेब्रुवारीतल्या एका रात्री कुणाची तरी कढई गॅसवर राहिली. धूर जिन्यातून माझ्या खोलीपर्यंत आला आणि मला खोकल्याने जाग आली, अलार्मने नाही. फोडणी दिली की अलार्म कोकलायचा, म्हणून आम्हीच त्यावर शॉवर कॅप चढवून ठेवली होती. खाली आलो तर पुढचं दार आतून किल्लीने बंद, आणि किल्ली सापडेना. दोन-तीन मिनिटंच गेली असतील. पण त्या दोन-तीन मिनिटांत मी आईला फोन लावायला घेतला होता, एवढंच सांगते.

विजयवाड्याच्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी काउन्सिलला कळवलं. आम्ही बाकीचे तिच्यावर चिडलो, आणि आज मला त्याची लाज वाटते. एजंट म्हणाला होता, "काउन्सिल आली तर तुमच्या व्हिसावर येईल." हे साफ खोटं होतं. परवाना नसणं हा गुन्हा घरमालकाचा, भाडेकरूचा नाही.

तपासणीला आलेल्या बाईंनी अर्धा दिवस घरात घालवला. पुढच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारं कुलूप हवं, म्हणाल्या. खोल्यांची दारं आग अडवणारी आणि आपोआप बंद होणारी हवीत. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म लावायचा असतो, तो फोडणीने वाजत नाही. हे ऐकून मला रडू आलं. एवढी साधी, स्वस्त गोष्ट, आणि तिच्यावाचून आम्ही महिनोन् महिने टोपी घातलेल्या अलार्मखाली झोपत होतो.

मग त्यांनी माझी खोली मोजली. दिसायला ती घरातली सगळ्यात मोठी. परवान्याच्या घरात एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट. दोघांना 10.22. पण छत दीड मीटरपेक्षा खाली उतरतं तिथली जमीन धरतच नाहीत. माझी कॉट, बॅगा, पुस्तकं सगळी त्याच तिरक्या भागात होती. उरली जागा भरली 5.8 चौरस मीटर. आठ महिने मी पूर्ण भाडं भरत होते त्या खोलीत कायद्याने मोठ्या माणसाला झोपवताच येत नव्हतं.

घरमालकाला दंड झाला. किती, ते आम्हाला सांगितलं नाही, पण काउन्सिलला तेव्हा 30,000 पौंडांपर्यंत लावता येत होता. आम्ही घरांचे असे तंटे ऐकणाऱ्या ट्रिब्युनलकडे भाडं परत मिळण्यासाठी अर्ज केला. त्या वेळी जास्तीत जास्त 12 महिन्यांचं मागता येत होतं. वकील लागला नाही. भाडेकरार, बँकेची स्टेटमेंट्स आणि शॉवर कॅपचा फोटो जोडला. सहापैकी चौघांनीच सही केली. दोघं व्हिसाच्या भीतीने मागे राहिले, आणि आम्हा चौघांना भाड्यातला बराचसा भाग परत मिळाला तेव्हा त्यांच्या हाती काही आलं नाही. त्यातला एक रात्रपाळी करून फी भरत होता.

सप्टेंबरला इथे शिकायला येणाऱ्यांनो, डिपॉझिट पाठवण्याआधी घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, मागून घ्या. परवाने दिलेल्या घरांचं रजिस्टर प्रत्येक काउन्सिलला ठेवावं लागतं आणि ते कुणालाही पाहता येतं. जमलं नाही तर पत्ता मला पाठवा, मी बघून कळवते. आणि खोली माळ्यावरची असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली दाखवणाऱ्याला छपराच्या उताराखाली उभं राहायला सांगा.