साडेचार की साडेपाच? माझ्या एज्युकेशन लोनचा अनुभव

एमबीबीएससाठी लोन मिळायला फार त्रास झाला नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर फॉर्म भरला, बाबा को-बॉरोअर, झालं. डोक्याला ताप झाला तो इंटर्नशिप संपत आली तेव्हा. लेबर रूमची नाइट करून बाहेर पडले तर बँकेचा मेसेज, पुढच्या महिन्यापासून ईएमआय सुरू! अरे, कोर्स संपल्यावर अजून १ वर्ष सूट असते ना? ब्रँचला गेले तेव्हा कळलं की त्यांनी सिस्टीममध्ये कोर्स साडेचार वर्षांचाच टाकलाय, सक्तीची इंटर्नशिप धरलीच नाही.

"कॉलेजचं लेटर आणा, बदलून देतो." ऐकायला किती सोपं! कॉलेजचं बोनाफाईड छापील, त्यात 'येथे शिकत आहे' एवढंच, आणि बँकेला हवं 'इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं'. क्लार्क म्हणाले, मॅडम, आमच्या नमुन्यात तसं बसत नाही, अर्ज द्या. अर्ज दिला, आवक नंबर पडला, डीन मीटिंगला, दोन दिवसांनी सही झाली तर जावक नंबर टाकायचा राहिला आणि बँकेने तेवढ्यासाठी परत पाठवलं. हे सगळं नाइट करून, झोप न घेता, जेवणाच्या सुट्टीआधी खिडकी गाठायची म्हणून धावत. शेवटी मीच मजकूर टाइप केला, आधी लोन ऑफिसरला दाखवून 'हे चालेल' म्हणवून घेतलं आणि मग सहीला नेला. दोन दिवसांत काम! हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर...

त्यामुळे सँक्शन लेटरवर कोर्सचा कालावधी तेव्हाच बघा, इंटर्नशिप धरून.

बाकी खर्चाचं म्हणाल तर ॲनाटॉमीच्या अभ्यासाची हाडं, पुस्तकं सगळं सीनियरकडून घेतलं. पीजीच्या (पुढच्या एमडी/एमएसच्या) प्रवेश परीक्षेच्या तयारीचं ॲप मात्र हप्त्यावर घेतलं, तो मूर्खपणा होता, लोनच्या वर अजून एक लोन.

आणि हो, व्याज. शिकत असताना ते सरळव्याजाने साठतं आणि ईएमआय सुरू होताना मुद्दलात मिसळतं. पहिल्या वर्षी उचललेले १ लाख १० टक्क्यांनी साडेसहा वर्षांत (साडेपाच कोर्सची, १ सूटचं) १ लाख ६५ हजार होतात, म्हणून पहिल्या वर्षी जेवढं कमी उचलाल तेवढं बरं. मी स्टायपेंड आला की थोडं व्याज भरायचे, म्हणजे स्टायपेंड वेळेवर आला तर. शिकताना नियमित व्याज भरलं तर बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात, हे मला कोणी सांगितलंच नाही, त्या लेटरच्या चकरा मारताना बाकावर शेजारी बसलेल्या एका काकांकडून कळलं.